वरचा मजला चढवण्याआधी

मिस्त्रीला बोलावण्याआधी सिटी सर्व्हेच्या कचेरीत जा. वरचा मजला चढवायचं तुम्ही ठरवलंत हे ताईकडून कळलं, आनंद झाला. पण फोनवर तू पहिला प्रश्न विचारलास तो स्लॅबच्या दराचा. बाळ, दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो, कागद बदलत नाही. मी उमेदीची सगळी वर्षं सोलापुरात लोकांचे नकाशे काढण्यात आणि ते मंजूर करून आणण्यात घालवली. घरं अडतात ती बहुतेक वेळा सिमेंटवरून अडत नाहीत, आपण कोणत्या जमिनीवर उभे आहोत हे आधी न पाहिल्यामुळे अडतात.

आपल्या गावात जागेचे तीन प्रकार धरून चाल. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, साखर पेठ, बाळीवेस हा जुना गावभाग. तिथे मालमत्तापत्रक असतं, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. दुसरा प्रकार मंजूर लेआउटमधल्या प्लॉटचा. जुळे सोलापूर, विजापूर रोड या बाजूला असे प्लॉट पुष्कळ आहेत. तिसरा १९९२ साली महापालिकेत आलेला हद्दवाढ भाग. तिथे शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे पडून विकले गेले. कुणाकडे सात-बाऱ्यावर सामाईक नाव आहे, तर कुणाकडे नुसतं स्टँपपेपरवरचं साठेखत. मामंजींनी शेळगीला प्लॉट घेतला तेव्हा लेआउट मंजूर होता की ती गुंठेवारी होती, हे आधी शोध. गुंठेवारी असेल तर पहिली पायरी बांधकाम परवान्याची नाही, प्लॉट नियमित करून घेण्याची आहे. गुंठेवारीचा कायदा २००१ सालचा. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्यात घेतलं. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात नसताना वरच्या मजल्याची फाईल टाकलीस तर ती तिथेच पडून राहील.

उतारा हाती आला की त्यावर नाव कुणाचं आहे ते बघ. मामंजी जाऊन इतकी वर्षं झाली, अजून त्यांचंच नाव असेल. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर वारस चौघं आहेत: सासूबाई, जावईबापू आणि तुझ्या दोन्ही नणंदा. ‘त्या कुठे हिस्सा मागतायत’ असं म्हणून हा विषय टाळू नकोस. आज त्या मागत नाहीत म्हणून आजच त्यांच्याशी नीट बोला. पैसे तुमचे लागणार, मजला तुमच्या कष्टाचा उभा राहणार, आणि जमीन चौघांची. वारसनोंद करून घ्या. नणंदांनी हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, ठेवायचा असेल तर त्यांची संमती लेखी घ्या आणि वरच्या मजल्याचं काय ठरलं तेही त्यात लिहा. सख्ख्या भावंडांत लिहून घेणं वाईट दिसतं असं सासूबाई म्हणतील. त्यांना माझं नाव सांग. लिहून न घेतल्यामुळे राखीपौर्णिमेला एकमेकांच्या घरी जाणं बंद झालेली घरं या गावात मी पाहिली आहेत.

आता तुमच्या मिस्त्रीच्या बोलण्याबद्दल. ‘छोट्या प्लॉटला परवानगी लागतच नाही’ असं तो म्हणाला ना? त्याने अर्धं ऐकलं आहे. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू झाली. तिचं नाव एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, आणि कचेरीत सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटला सवलत आहे. मालकीची कागदपत्रं, नियमात बसणारा नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती दिली की मिळणारी पोच हीच परवानगी धरली जाते. दीडशे ते तीनशे चौरस मीटरच्या प्लॉटला दहा दिवसांत परवाना द्यायचा असतो. म्हणजे सवलत वेळेची आहे. नियम पाळण्यातून कुणालाच सुटका नाही. उलट नकाशा नियमात बसतो असं सही करून सांगण्याची जबाबदारी आता मालकावर आणि परवानाधारक इंजिनिअरवर येते. त्यामुळे इंजिनिअर निवडताना तो किती लवकर सही करतो हे पाहू नकोस. जागेवर येऊन टेपने मोजतो का, जुना मंजूर नकाशा मागतो का, ते बघ. फोटोवरून नकाशा काढून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठव.

किती बांधता येईल याचा साधा हिशेब सांगतो. दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१ धरतात. प्लॉट बाराशे फुटांचा असेल तर तेराशे वीस फूट. त्याच्यावर घरासाठी साठ टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय शुल्क भरून मिळतो, म्हणजे आणखी सातशे ब्याण्णव. पण या आकड्यांना भुलू नकोस. भिंतीची बाहेरची कड धरून मोजतात, त्यात बाल्कनी, जिना, पॅसेज सगळं येतं. तुमचा खालचा मजला जुन्या नियमांनी मंजूर झालेला असेल, नव्या नकाशात तोही नव्या पद्धतीने मोजला जाईल. आणि एफएसआय शिल्लक असूनही बांधता येत नाही असं होतंच, कारण चारी बाजूंनी सोडायचं सामासिक अंतर मध्ये येतं. तुमच्या घराच्या डाव्या अंगाला मामंजींनी मागाहून बांधलेली न्हाणी त्या मोकळ्या जागेतच असणार. वरच्या मजल्याचा नकाशा गेला की ती उघडी पडेल. तेव्हा ती पाडायची की नियमात बसते हे आत्ताच इंजिनिअरला विचार, आणि पाडायची झाली तर पाडून मग अर्ज कर. नकाशात ती न दाखवता पुढे जायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नकोस.

रंग, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या बदलणं, गळका पत्रा काढून तसाच नवा घालणं, याला परवानगी लागत नाही. लोक इथपर्यंत बरोबर असतात आणि मग गच्चीवर चारी बाजूंनी पत्र्याचं शेड मारतात, बाहेरून लोखंडी जिना सोडतात, पार्किंगला शटर लावून दुकान काढतात. हे सगळं बांधकामच आहे. पूर्व भागात घरात माग चालवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. त्या मागांवर हे शहर उभं राहिलं, त्यामुळे त्याबद्दल मी आदरानेच बोलतो. पण राहायची खोली कारखान्यासाठी वापरली की नगररचना कायद्याने वापरातला बदल हासुद्धा विकास ठरतो, आणि त्याला परवानगी लागते. यंत्रमागाचा हादरा भिंतीला रात्रंदिवस बसतो हे वेगळंच. जावईबापू खाली शिलाईची यंत्रं टाकायचं म्हणत होते असं कानावर आलं. मनात असेल तर आत्ताच नकाशात दाखवा.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगायला बसलो ती गोष्ट. तुमच्या गच्चीवर कॉलमच्या सळया वर सोडलेल्या आहेत. त्या बघून सगळे म्हणतात, मजल्याची सोय केलेलीच आहे. त्या सळयांवर विश्वास ठेवू नकोस. त्यांच्याखाली फुटिंग केवढं आहे, किती खोल आहे, कशावर बसलंय, हे वरून दिसत नाही. इतकी वर्षं उघड्यावर राहून त्या गंजल्यात, सालपट निघतंय. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर आण, शिकाऊ पोरगा नको. एका कॉलमशेजारी खड्डा खणून फुटिंग उघडं करायला सांग. आपल्याकडे काळी माती खोल असते. ती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घर त्या मातीवर टेकलेलं असेल तर आज खालच्या मजल्याच्या भिंतीत ज्या तिरक्या चिरा दिसतात त्यांचं कारण तिथेच आहे. पाया मातीखालच्या मुरमापर्यंत, जमल्यास कठीण खडकापर्यंत गेलेला हवा. गेला नसेल तर पुढचा मार्ग इंजिनिअर सांगेल. कधी पाया रुंद करून मजबूत करता येतो, कधी वर हलकं बांधकाम चालतं, आणि कधी उत्तर ‘नाही’ असंच असतं. तो ‘नाही’ म्हणाला तर दुसरा इंजिनिअर शोधत हिंडू नकोस.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुझ्या आईला विचार. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा सोलापूरही हादरलं होतं, आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो. तिकडे हजारो माणसं गेली. गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांच्या मातीखाली. तो सगळा पट्टा त्या वेळी सर्वात कमी धोक्याचा समजला जात होता. पुढे नकाशे बदलले. भूकंपासाठीच्या २०१६ च्या भारतीय मानकात सोलापूर तिसऱ्या क्षेत्रात आहे. आपल्या पेठांमधून अजून माळवदाची घरं आहेत. अशा घरावर, दगडी भिंतीच्या भरवशावर कुणी वरती विटांची खोली चढवताना दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुमचं घर आरसीसीचं आहे, तरी नवे कॉलम चढतील तेव्हा रिंगा स्वतः बघ. रिंगेची दोन्ही टोकं आत, काँक्रिटच्या गाभ्यात, १३५ अंशांत वळवलेली हवीत. काटकोनात वाकवलेली रिंग हादऱ्यात उघडते. ओतकाम झाल्यावर हे दिसत नाही, म्हणून ओतण्याआधी फोटो काढून ठेव.

आणि खालच्या मजल्यातली एखादी भिंत किंवा कॉलम ‘अडचण होते’ म्हणून कुणी फोडायला निघालं तर हात धर. घाटकोपरला साई दर्शन नावाची इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळली, सतरा माणसं मेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चाललं होतं. वरच्या मजल्यांवरच्या माणसांनी काहीच केलं नव्हतं.

उंचीबद्दल थोडक्यात. तुमचं घर दुमजलीच होणार, पण होटगी रोडच्या बाजूला कुणी बांधत असेल तर विमानतळाच्या उंचीच्या मर्यादेचा नकाशा आधी बघायला सांग. सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडली, ती साऱ्या सोलापूरने पाहिली. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या जिवाला ते केवढं लागलं होतं, हे मी जवळून पाहिलंय. भुईकोट किल्ल्याच्या आसपास राहणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. तो केंद्राचा संरक्षित किल्ला. त्याच्या शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करताच येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या दोनशे मीटरांत पुरातत्त्वाची परवानगी आधी, महापालिका नंतर. तुझी मावससासू त्या बाजूला राहते ना, तिच्या कानावर घाल. पेठेतल्या नातेवाइकांनाही एक सांग: घर पाडून नवं बांधायला काढलं की रस्त्याची मंजूर रेषा लागू होते, आणि पुढची पट्टी रस्त्यात जाते. त्यामुळे आधी ती रेषा नकाशावर बघा, मगच जुनं घर उतरवा.

उजव्या हाताच्या शेजाऱ्यांशी अर्ज करण्याआधी बोल. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी तुमच्या बाजूला आहे. वीस वर्षं सलग, उघडपणे मिळत आलेल्या उजेड-वाऱ्यावर कायद्याने हक्क तयार होतो, आणि ते कोर्टात गेले तर तुमचा मंजूर नकाशासुद्धा ती भांडणं थांबवू शकत नाही. नकाशा घेऊन त्यांच्या घरी जा, काकूंना दाखव, पावसाचं पाणी कुठून जाणार, सेंट्रिंगच्या बल्ल्या कुणाच्या अंगणात टेकणार ते सांग. एवढ्याने निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

कागदाची वाट आता सरळ आहे. इंजिनिअरमार्फत ऑनलाईन अर्ज जातो. सोबत उतारा, मोजणीचा नकाशा, जुना मंजूर नकाशा, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. विकास शुल्क भरावं लागतं. बांधकामाचा खर्च कायद्यातल्या मर्यादेच्या वर गेला तर एक टक्का कामगार कल्याण उपकर लागतो. तो द्यायला कुरकुरू नकोस, तो तुझ्या गच्चीवर पाट्या वाहणाऱ्या बायकांसाठी आहे. त्यांची कामगार कल्याण मंडळात नोंद झाली आहे का, तेही ठेकेदाराला विचार. पैसे फक्त चलनाने भर. ज्याची पावती मिळत नाही ते शुल्क नव्हे. परवाना हातात आला की वर्षाच्या आत काम सुरू कर, नाही तर दर वर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाल्यासारखीच, असं कुणी सांगेल. कायद्यात तशी तरतूद आहे, पण नियमात न बसणारं काम त्याने नियमात बसत नाही. तिच्या भरवशावर घमेलं उचलू नकोस.

काम चालू असताना तुला वाटेल, खिडकी इकडे घ्यावी, जिना फिरवावा, एक खोली वाढवावी. वाटणारच, घर उभं राहताना बघितलं की सुचतं. पण बाहेरची रेषा बदलली की सुधारित नकाशा दाखल करायचा. शेवटी मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष काम जुळलं नाही तर वापर परवाना, म्हणजे भोगवट्याचा दाखला, अडतो. लोक नेमकं इथेच थकतात. वास्तुशांत होते, पुरणपोळी होते, भांडी वर चढतात आणि वापर परवाना राहून जातो. मग घरपट्टी लागते आणि वाटतं, झालं कायदेशीर. घरपट्टी लागल्याने काहीही कायदेशीर होत नाही. बेकायदा बांधकामावर महापालिका कर घेते, वर कराच्या दुपटीइतकी शास्तीही लावू शकते, आणि तरीही ते बेकायदाच राहतं. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात आणखी स्पष्ट केलं आहे: पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच बँकेने कर्ज द्यायचं, वीज-पाणी-ड्रेनेजची जोडणीही त्यानंतरच, आणि किती वर्षं उभं आहे किंवा किती पैसा ओतला या कारणाने बेकायदा बांधकाम माफ होत नाही. उद्या पोरांच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायची वेळ आली तर बँकेचा वकील पहिला कागद हाच मागेल.

नोटीस आलीच कधी, तर घाबरून दडवून ठेवू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय पाडकाम करता येत नाही. पण रस्ता, फुटपाथ, नदी यांसारख्या सार्वजनिक जागांवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. म्हणून घराच्या पायऱ्या रस्त्यावर उतरवू नकोस, आणि गटारावर फरशा टाकून ओटा करू नकोस.

मुहूर्ताचं सासूबाई बघतील, ऋतूचं मी सांगतो. अर्ज पावसाळ्यात टाक, काम दिवाळीनंतर काढ आणि स्लॅब जानेवारीच्या आत-बाहेर उरकेल असं बघ. संक्रांतीच्या आठवड्यात मात्र स्लॅब ठेवू नकोस. तेव्हा गावची यात्रा असते: नंदीध्वजांची मिरवणूक, होम, गड्डा, सगळे कामगार तिकडे असतात आणि असायलाच हवेत. एप्रिल-मेच्या उन्हात ओतलेल्या काँक्रिटचं पाणी उडून जातं. आपल्याकडे कोरड्या, तापलेल्या हवेत किमान दहा दिवस, पीपीसी सिमेंट असेल तर चौदा दिवस पाणी मारायला हवं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे पाणी कुठून आणणार, ते स्लॅबच्या आदल्या दिवशी नाही, ठेका देतानाच ठरव. बोअरचं पाणी खारट असेल तर आधी तपासून घे, सळयांना ते मानवत नाही. स्लॅबवर वाळूचे वाफे करून पाणी साठव, कॉलमला गोणपाट गुंडाळ. हे काम मजुरांवर न सोडता घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यावं. तुझी थोरली करील, तिला सांग.

सगळ्या कागदांचे दोन संच कर. एक घरात, एक नणंदेकडे. जुना मंजूर नकाशा सापडला नाही तर महापालिकेत अर्ज करून त्याची नक्कल माग. माहिती अधिकारातही मागता येते. आणि मोजणीचा अर्ज या आठवड्यातच भूमी अभिलेखात टाक, कारण तारीख मिळायला वेळ लागतो. तारीख कळली की दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना चार दिवस आधी सांग आणि जावईबापूंना त्या दिवशी रजा काढायला लाव. मोजणीदार खुणा करील तेव्हा मालकाने हजर राहून त्या बघायच्या असतात. मला आदल्या संध्याकाळी फोन कर, मीही येतो.